आमची वाटचाल : घोळीच्या कातडीपासून कोलॅजन शीटपर्यंत

माटुंग्याच्या यूडीसीटी या रसायन-तंत्रज्ञानाच्या संस्थेतून बाहेर पडून अंधेरीच्या एमआयडीसीत गाळा घेतला, तेव्हा आमच्या नातेवाइकांत मी सरसाचा कारखाना काढल्याची वदंता होती. जखमेवर लावायच्या कोलॅजनच्या, म्हणजे कातडीतल्या मुख्य प्रथिनाच्या, शीट तेव्हा बहुतेक गुरांच्या कातडीच्या असत. काही रुग्णांना त्या धर्मामुळे नको असत, काही डॉक्टरांना मॅड काऊ या गुरांच्या रोगाची धास्ती होती. म्हणून आम्ही मासळीकडे वळलो.

घोळीची कातडी मिळवून दिली ती ससून डॉकच्या एका मावशींनी. ती सोलल्याबरोबर बर्फात घालून पहाटेच आमच्याकडे पोहोचवण्याची पद्धत त्यांनीच बसवली, आणि मागणी कितीही वाढली तरी कालचा माल आजच्यात कधी मिसळला नाही. या धंद्यात उतरू पाहणाऱ्यांनी आधी कातडी देणारे माणूस जोडावे, लायोफिलायझर, म्हणजे गोठवून सुकवणारे यंत्र, मागाहून घ्यावा.

आमचा लायोफिलायझर एका औषध कंपनीच्या लिलावातला आहे. त्याचा व्हॅक्यूम पंप कुरकुरतो, पण शेल्फ हवे तितके सावकाश गार करता येतात. द्रावण घाईने गोठवले तर बर्फाचे स्फटिक बारीक होतात, ते उडून गेल्यावर उरणारी छिद्रेही बारीक राहतात आणि जखमेतल्या पेशींना आत शिरायला वाट मिळत नाही. त्याआधीचे सारे काम, म्हणजे सौम्य अल्कलीची धुलाई, अॅसेटिक आम्लातले भिजवण, पेप्सिन या विकराने रेणूच्या टोकांची (टेलोपेप्टाइडची) छाटणी आणि मिठाने साका बसवणे, 4 अंशांच्या खोलीत चालते. कॉडसारख्या थंड पाण्यातल्या माशाचे कोलॅजन 15 अंशांच्या आसपासच उलगडते, म्हणजे त्याचे जिलेटीन होते. आपल्या उबदार समुद्रातल्या माशांचे बरेच अधिक तग धरते, तरी शरीराच्या 37 अंशांसाठी क्रॉसलिंकिंग, म्हणजे रेणू एकमेकांना रसायनाने जोडणे, करावेच लागते. आम्ही ते ग्लुटारल्डिहाइडने न करता महागड्या ईडीसीने करतो.

मधली वर्षे बरी गेली. मग एका मोठ्या रुग्णालयाच्या जळित विभागाच्या निविदेत एका प्रतिस्पर्ध्याने आमच्या निम्म्या दराने ‘मरीन कोलॅजन’ देऊ केले. खरेदी समितीने एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दर, पाहिला, शीट पाहिली नाही, आणि आमची सर्वांत मोठी मागणी गेली. त्या तिमाहीत पगारासाठी घरातले सोने गहाण पडले. मावशींनी मात्र कातडीचे पैसे मागितले नाहीत.

प्रतिस्पर्ध्याची शीट मिळवून आम्ही जेल चालवला, म्हणजे विजेच्या प्रवाहाने प्रथिनाचे तुकडे आकारानुसार वेगळे करून पाहिले. आमच्या नमुन्यात अल्फा-1 आणि अल्फा-2 या कोलॅजनच्या अखंड साखळ्यांचे ठळक पट्टे आणि वर बीटा, म्हणजे जोडलेल्या दोन साखळ्यांचा पट्टा, दिसत होता; त्यांच्या नमुन्यात वरपासून खालपर्यंत नुसता फराटा होता. कोलॅजन तापवून केलेले ते जिलेटीन होते. हा अहवाल समितीने ‘स्पर्धकाचा’ म्हणून बाजूला ठेवला. शेवटी त्याच विभागाच्या सर्जनबाईंनी दोन किडनी ट्रेमध्ये 37 अंशांचे सलाइन घेऊन दोन्ही शीट बुडवल्या. प्रतिस्पर्ध्याची शीट कडेने ओघळत चिकट लगदा झाली, आमची चिमट्याने अख्खी उचलता आली.

पुढच्या निविदेत बाईंनी डीएससी (कोलॅजन किती तापमानाला उलगडते याची चाचणी) आणि जेलचा अहवाल सक्तीचा करून घेतला. हे दोन कागद छोट्या दवाखान्यांनीही मागावेत. देणाऱ्याने टाळाटाळ केली की तिथेच उठावे. मागणी आमच्याकडे परतली. तो प्रतिस्पर्धी मात्र काळ्या यादीत गेला नाही. त्याच यंत्रावर आता तो चेहऱ्याचे मास्क काढतो आणि प्रदर्शनात आमच्याहून मोठा स्टॉल घेतो.