घरात कोणी नसतानाची ऊब

घराची किंमत आणि स्थिती तपासायला आलेल्या अप्रेझरने हॉलमधला थर्मोस्टॅट ७० अंश फॅरनहाइटवर नेला आणि भिंतीलगतच्या हीटरच्या पट्टीवर हात ठेवून वाट बघत राहिला. पाच मिनिटं झाली तरी पट्टी गारच. कोपऱ्यातला वूड स्टोव्ह, म्हणजे लाकडाची शेगडी, पेटलेला होता, खोली छान उबदार होती. मी त्याला तसं म्हटलंही. "स्टोव्ह उत्तम आहे, पण तेवढ्यावर भागत नाही," तो म्हणाला आणि तळघरात जाऊन बंद पडलेल्या बॉयलरचे फोटो काढून आला.

आमचं घर अमेरिकेतल्या मेन राज्यात, बँगरपासून अर्ध्या तासावर. ते घेतलं २०२३ च्या ऑक्टोबरात, तीस वर्षांच्या स्थिर दराच्या घरकर्जाची देशभरची सरासरी ७.७९ टक्क्यांपर्यंत चढली होती तेव्हा. नाशिकचा फ्लॅट विकून आम्ही एकतृतीयांश रक्कम रोख भरली, पण इथला क्रेडिट इतिहास तोकडा म्हणून एफएचएचं, म्हणजे सरकारी गृहनिर्माण संस्थेच्या हमीचं, कर्ज घ्यावं लागलं. २०२५ च्या सप्टेंबरात दर साडेसहाच्या खाली आले तेव्हा रिफायनान्सचा, म्हणजे जुनं कर्ज फेडून नव्या दराने नवं घ्यायचा, अर्ज केला. नुसता दर कमी करायचा असता तर एफएचएच्या 'स्ट्रीमलाइन' पद्धतीत अप्रेझल, म्हणजे ही तपासणी, लागलंच नसतं. पण छप्पर बदलायला थोडी रक्कमही हातात हवी होती. अशा कॅश-आउटला घर पुन्हा तपासलं जातं.

एफएचए स्वतः कर्ज देत नाही, कर्ज बुडालं तर देणाऱ्याचं नुकसान भरून द्यायची हमी घेते. त्यामुळे घर कोणत्या स्थितीत असायला हवं, याचे नियम तिचे. एसी नसला तरी चालतो, हीटिंग मात्र हवंच. ते कायमचं बसवलेलं हवं, राहत्या जागेत आणि पाइप गोठू शकतील अशा प्रत्येक ठिकाणी निदान ५० अंश फॅरनहाइट, म्हणजे १० सेल्सिअस, आपोआप राखणारं हवं. इंधन त्या भागात सहज मिळणारं हवं. आणि माणसाचा हात न लागता ते बराच काळ चालायला हवं. वूड स्टोव्ह ठेवायला हरकत नाही, पण त्याच्या जोडीला अशी यंत्रणा लागतेच. प्लगवर चालणारे हीटर धरत नाहीत.

आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, १० अंश म्हणजे निफाडची थंडी! तेवढ्यात कोण राहील?" मी म्हटलं, हा आकडा माणसांपेक्षा पाइपांसाठी आहे. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि पाइप फाटतो. निफाडचे बागाईतदार द्राक्षांसाठी रात्री बागेत शेकोट्या पेटवतात ना, तसंच. आणि बॉयलर म्हणजे आपला बंबच, फक्त तापलेलं पाणी आंघोळीला न जाता घरभर फिरून परत येतं.

हा बंब जानेवारीतच गेला होता. तडा गेलेला, गळणारा. नवा साडेनऊ हजार डॉलरचा, म्हणून पुढे ढकललं. पुढच्याच महिन्यात बाबांच्या ऑपरेशनसाठी आम्ही तीन आठवडे नाशिकला गेलो. शेजारच्या आजी, वय पंचाहत्तरच्या पुढे, दिवसातून तीनदा बर्फ तुडवत यायच्या आणि स्टोव्हमध्ये ओंडके टाकून जायच्या. एका रात्री वादळामुळे त्यांना येता आलं नाही. सकाळी स्वयंपाकघरातला नळ कोरडा. सिंकखालची दारं उघडून, जमिनीवर बसून, त्यांनी केस वाळवायच्या ड्रायरने तासभर पाइप शेकला. फाटला नाही, हे आमचं नशीब. अप्रेझलचा अहवाल वाचताना 'माणसाचा हात न लागता' या शब्दांपाशी मला सारखा त्यांचाच हात दिसत होता. कागदावरचा तो नियम मला तेव्हा पटला.

अहवालात घराची किंमत दिली होती, पण दुरुस्तीच्या अटीवर. दुरुस्ती आधी, कर्ज नंतर. म्हणजे येणाऱ्या कर्जातून बॉयलर घ्यायची सोय नाही. भावाकडून पैसे घेतले. बाहेरच्या हवेतली ऊब आत ओढणाऱ्या हीट पंपाचाही विचार केला होता, पण वरच्या खोल्या तापल्या तरी आमचं तळघर गारच राहिलं असतं आणि सगळे पाइप तिथेच आहेत. शेवटी तेलावरचाच बॉयलर घेतला. घर तापवायला तेल वापरणाऱ्यांचं प्रमाण अमेरिकेत मेनमध्येच सर्वांत जास्त, त्यामुळे तेल आणि मिस्त्री दोन्ही हाकेच्या अंतरावर. या सगळ्यात कर्जाचा ठरलेला दर बांधून ठेवायची मुदत संपली आणि ती वाढवायचे पैसे वेगळे गेले. तुमच्यापैकी कोणी थंड मुलखात घर घेऊन रिफायनान्स करणार असेल, तर अप्रेझरला बोलवायच्या आधी थर्मोस्टॅट स्वतः वर करून बघा. अगदी उन्हाळ्यात सुद्धा.

अप्रेझर दुसऱ्यांदा आला तेव्हा दोन मिनिटांत पट्ट्या टिकटिकायला लागल्या. त्याने हात ठेवला, लगेच काढला, फोटो घेतला आणि गेला.

जानेवारीत आम्ही पुन्हा नाशिकला चाललोय. चावी आजींकडेच आहे. या वेळी फक्त कुंड्यांना पाणी घालायला येईन म्हणाल्या.