आमची वाटचाल : अनुदानाला पात्र होईपर्यंत

आमचा स्टुडिओ जर्मनीत, लाइपझिगला आहे. माणसं मोजकी. पोट भरतं ते दुसऱ्यांच्या कामावर: संग्रहालयांसाठी व्हीआर (चष्मा लावून बघायचं आभासी जग), कारखान्यांसाठी प्रशिक्षणाची सिम्युलेशन्स, कधी एखाद्या मोठ्या स्टुडिओचं उरलंसुरलं अ‍ॅनिमेशन. स्वतःचा गेम काढायचा म्हटलं की तोवर पगार कुठून द्यायचे, इथे गाडी अडते. बँक गेमच्या कल्पनेवर कर्ज देत नाही. पब्लिशर, म्हणजे गेम बाजारात आणणारी कंपनी, प्रोटोटाइप (गेमचा कच्चा नमुना) हातात पडल्याशिवाय बोलत नाही. आणि प्रोटोटाइपलाच तर पैसे लागतात. सरकारी अनुदान उपयोगी पडतं ते नेमकं इथे.

इकडे स्टुडिओ काढू पाहणारी मराठी मुलं हल्ली फोन करतात, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: अर्जात कल्पना कशी मांडायची? कल्पनेचं नंतर बघू. आमची निम्म्याहून जास्त धावपळ गेममध्ये झालीच नाही, ती कंपनीच्या कागदपत्रांत झाली.

जर्मन केंद्र सरकारची गेम्ससाठीची योजना २०१९ मध्ये लहान रकमांपासून सुरू झाली आणि २०२० पासून मोठ्या प्रमाणावर चालू लागली. मे २०२३ मध्ये मात्र निधी अपुरा पडला आणि नवे अर्ज घेणंच काही काळ थांबलं. आम्ही मग युरोपियन युनियनच्या 'क्रिएटिव्ह युरोप' कार्यक्रमाकडे वळलो. त्याच्या मीडिया शाखेत व्हिडिओ गेम्स आणि इमर्सिव्ह कंटेंटच्या (व्हीआरसारख्या, आत शिरून अनुभवायच्या कलाकृतींच्या) विकासासाठी वेगळी मदत आहे: एका प्रकल्पाला जास्तीत जास्त २ लाख युरो, तेही खर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंतच. शिवाय हे पैसे फक्त विकासाचे. कथा, डिझाइन, तांत्रिक चाचण्या, खेळता येईल असा प्रोटोटाइप, इथवर. पुढची निर्मिती ज्याची त्याने बघायची.

नियमावली वाचायला घेतली आणि सुरुवातीलाच ठेच लागली. कंपनी युरोपात नोंदलेली असून भागत नाही, तिची बहुसंख्य मालकी या कार्यक्रमात सहभागी असलेल्या देशांच्या नागरिकांकडे हवी. आमची मालकी निम्मी-निम्मी. निम्मी माझ्या जर्मन भागीदाराची, निम्मी माझी, आणि माझा पासपोर्ट भारतीय. निम्मं म्हणजे बहुसंख्य नव्हे, यात वाद घालायला जागाच नव्हती. जर्मनीने जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्वाला मुभा दिली, पण भारत देत नाही. तेव्हा हातात दोनच गोष्टी होत्या: पासपोर्ट सोडायचा किंवा शेअर सोडायचे. मी थोडे शेअर सोडले.

इथल्या जीएमबीएच कंपनीचा (आपल्याकडच्या प्रायव्हेट लिमिटेडसारखी) हिस्सा दुसऱ्याच्या नावावर करायचा तर नोटरीकडे जावं लागतं, आणि नोटरीने सगळा दस्त मोठ्याने वाचून दाखवायचा असा कायदाच आहे. नोटरीबाईंनी एका सुरात, कलमामागून कलम, पान न चुकवता वाचलं. भागीदार खिडकीबाहेर बघत होता. स्वतः काढलेल्या कंपनीत आपण अल्पमतात कसे जातोय हे मी जर्मनमध्ये ऐकत बसलो होतो. मग सही केली. घरी यावरून भांड्याला भांडं लागलं ते लागलंच. आजही मला वाटतं की हा नियम आमच्यासारख्या मिश्र स्टुडिओंना जाचक आहे. पण युरोपच्या करदात्यांचा पैसा कुणाच्या कंपनीत जातो हे बघण्याचा त्यांना हक्क आहे, हेही नाकारता येत नाही.

दुसरी अट पूर्वीच्या कामाची. अर्जदाराने अलीकडच्या काळात केलेलं आणि व्यावसायिकरीत्या लोकांपर्यंत पोहोचलेलं काम दाखवायचं असतं. व्हीआरचं काम आम्ही ढिगाने केलं होतं, पण त्याचे हक्क संग्रहालयांकडे, आणि तिथे ते तिकिटाबरोबर फुकट दाखवलं जाई. तारून नेलं ते स्टीमवर, म्हणजे गेम्स विकणाऱ्या ऑनलाइन दुकानावर, टाकलेल्या एका छोट्याशा गेमने. हौस म्हणून केलेला, विक्री नावापुरतीच. त्याचा विक्री अहवाल बघून कुणालाही हसू येईल, पण अर्जाला अहवालच हवा होता. म्हणून नव्या लोकांना मी सांगतो, काहीतरी लहान, पण स्वतःच्या नावाचं बाजारात आणा आणि श्रेयनामावलीत कंपनीचं नाव नीट घाला.

तिसरं प्रकरण हक्कांचं, आणि माझ्या मते सगळ्यात किचकट. गेमच्या हक्कांचा मोठा वाटा अर्जदाराकडे आहे, हे कागदावर दिसावं लागतं. आमचा संगीतकार बाहेरचा, ओळखीतला. त्याच्याशी झालेला करार म्हणजे इंटरनेटवरून उचललेला इंग्रजी मसुदा: 'सर्व कॉपीराइट कंपनीला हस्तांतरित'. वकिलाने वाचून तो बाजूला ठेवला. जर्मन कायद्यात निर्मात्याचा कॉपीराइट हयातीत असा कुणाच्या नावावर करताच येत नाही. देता येतो तो वापराचा हक्क. म्हणून नवा करार लिहिला: अनन्य हक्क, किती मुदतीसाठी, कोणत्या देशांत, कोणकोणत्या वापरासाठी. गेम, ट्रेलर, साउंडट्रॅक, पुढचे भाग, सगळं एकेक करून. संगीतकाराने त्या निमित्ताने मानधनही वाढवून घेतलं. बरोबरच केलं.

गेमबद्दलची मुख्य अट म्हणजे कथानक. त्यांना गोष्ट सांगणारा गेम हवा असतो. ज्ञानकोश, शिकवण्या, पर्यटनाची जाहिरात करणारे प्रकल्प बसत नाहीत. आमच्याकडे दोन कल्पना होत्या. त्यातली एक शुद्ध कोड्यांची, जी मला मनापासून आवडायची. ती फडताळात गेली. अनुदानासाठी गोष्ट चिकटवून तिचं वाटोळं करण्यापेक्षा ते बरं.

उरलेल्या ४० टक्क्यांचं काय, हे बरेच जण शेवटी बघतात. आम्ही त्यात ग्राहकांच्या कामातून बाजूला काढलेले पैसे दाखवले. राज्याकडून काही मिळवायचं म्हटलं तर आणखी एक कुंपण असतं: अशी बरीच लहान मदत युरोपच्या 'डी मिनिमिस' नियमात मोडते आणि तिची मर्यादा १ जानेवारी २०२४ पासून तीन वर्षांत मिळून ३ लाख युरो आहे. आधी ती २ लाख होती. त्यात आणखी एक गोम आहे. जर्मन अनुदानांत मंजुरीआधी काम सुरू केलं, अगदी एखादा करार सही केला, तरी सहसा प्रकल्प बाद होतो. उत्साही प्रोग्रॅमरला थोपवून धरणं हेही मग मालकाचंच काम.

पहिल्या वेळी आम्हाला पात्रतेपुरते गुण मिळाले, पण यादीतला पैसा आमच्या वरच संपला. परीक्षकांचा शेरा स्पष्ट होता: कथा चांगली, पण हा गेम कोण विकत घेणार ते दिसत नाही. मधल्या काळात एक सल्लागार महाशय भेटले. मंजूर रकमेतला घसघशीत हिस्सा मागत होते. क्रिएटिव्ह युरोपची कार्यालयं तोच सल्ला फुकट देतात, त्यामुळे त्यांना नमस्कार केला. दुसऱ्या अर्जात खेळाडूंबद्दलचा भाग नव्याने लिहिला, कच्चा डेमो अनोळखी लोकांना खेळायला दिला आणि त्यांचं म्हणणं सुधारणांसकट जोडलं. ब्रसेल्सच्या संध्याकाळी ५ ला पोर्टल बंद होतं. आम्ही आदल्या रात्रीच पाठवून मोकळे झालो. या वेळी मंजूर झालं.

ही रक्कम ठोक स्वरूपात मिळते. पावत्या जोडत बसावं लागत नाही, पण ठरवलेला कामाचा टप्पा पुरा झाला नाही तर त्या टप्प्याचे पैसे नाहीत. प्रोटोटाइप आता तयार आहे, दोन पब्लिशर्सशी बोलणी चालू आहेत, आणि निर्मितीसाठी केंद्राच्या योजनेत अर्ज करायची तयारी सुरू आहे. ती योजना २०२५ पासून संशोधन, तंत्रज्ञान आणि अवकाश मंत्रालयाकडे गेली आहे. तिथे सांस्कृतिक चाचणी (गेमला सांस्कृतिक मूल्य आहे का याची तपासणी) असते आणि माणसांच्या तासांचा हिशेब द्यावा लागतो. म्हणून या महिन्यापासून सगळ्यांनी, भागीदाराने आणि मीही, रोजचे तास भरायचे असं ठरलंय. शुक्रवारी कोणाचा तक्ता रिकामा आहे ते बघत मी टेबलांमधून फिरतो. भागीदाराचा तक्ता हमखास रिकामा असतो.