अंकाऱ्यातली चक्कर

मी मूळची मिरजेची, फिजिओथेरपिस्ट. पीएचडीसाठी अंकाऱ्याला आले आणि पहिलं वर्षभर नुसती तुर्की शिकले. त्या तुर्कीवर बाजारातून टोमॅटो आणता येत होते, पेशंटच्या तक्रारी समजून घेणं जड जात होतं. 'तक्रार'वरून आठवलं, तुर्कीत 'तेकरार' म्हणजे 'पुन्हा'. शब्द एकाच अरबी घरचा, आपल्याकडे येऊन कुरकुर करणारा झाला. सुरुवातीला वर्गात कुणी 'तेकरार' म्हणालं की माझ्या पोटात गोळाच यायचा.

आमच्या गटाकडे काम आलं एका प्रश्नावलीचं. आतल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा बिघडली की माणसाची रोजची कामं किती अडतात, हे मोजायला हेलन कोहेन आणि के किंबॉल यांनी २००० साली ती इंग्रजीत मांडली. एकूण २८ कामं: अंथरुणातून उठून बसणं, मोजे घालणं, जिना उतरणं, गर्दीत चालणं, गाडी चालवणं, अशी. प्रत्येकाला १ ते १० गुण. १ म्हणजे कुणाच्या मदतीशिवाय, बिनघोर. १० म्हणजे ते काम सोडूनच दिलं. ही तुर्कीत आणायची. मला वाटलं, दोन महिन्यांत उरकेल.

पद्धत ठरलेली असते. दोघांनी वेगवेगळं भाषांतर करायचं, एक वैद्यकातला आणि एक बाहेरचा. मग दोन्ही समोर ठेवून एक मसुदा. तो मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या दोघांनी परत इंग्रजीत न्यायचा. तिथेच पहिली ठेच लागली. सपाट जमिनीवर चालण्याचा प्रश्न परतीच्या भाषांतरात 'सरळ रेषेत चालणे' होऊन आला. तुर्कीतला 'द्युझ' हा शब्द सपाटही आहे आणि सरळही. रात्री उशिरा दारू पिऊन घरी जाणाऱ्याला विचारावा तसा तो प्रश्न दिसायला लागला. 'झेमिन', म्हणजे जमीन, हा शब्द घातल्यावर कुठे तो जागेवर आला.

मग मुलाखती. छपाईआधी मसुदा ३० ते ४० पेशंटना दाखवून 'यातून तुम्हाला काय कळलं?' असं विचारायचं असतं. गटात सगळ्यात कच्ची तुर्की माझी, आणि हेच काम माझ्या गळ्यात. मी मनातून चिडले होते. पण झालं असं, की तुर्की सहकाऱ्याने 'चक्कर म्हणजे नक्की काय होतं?' विचारलं की पेशंट 'चक्कर म्हणजे चक्कर' म्हणून मोकळे व्हायचे. मी विचारलं की त्यांना माझी दया यायची. परदेशी पोर, तिला काय माहीत! मग हातवारे करून, खुर्चीवरून उठून समजावायचे.

त्यातून कळलं, की 'बाश दोन्मेसी', म्हणजे शब्दशः डोकं फिरणं, या एका नावाखाली लोक तीन-चार गोष्टी सांगतात. एकाची खोली गरगरते. दुसऱ्याला होडीत उभं असल्यासारखं डोलल्यासारखं होतं. तिसरीला उठताना 'ग्योझ कारार्मासी' होते, म्हणजे डोळे काळे होणं. ती म्हणाली आणि मी पटकन मराठीत बोलून गेले, "अंधारी!" हुबेहूब तेच. डोळ्यांपुढे अंधारी येण्याचं कारण पुष्कळदा उठताना घसरलेला रक्तदाब असतं, कानाचा त्यात संबंध नसतो. त्या बाई आमच्या प्रश्नावलीच्या पेशंटच नव्हत्या. प्रश्नावलीवर त्यांनी मात्र सगळीकडे नीट गुण भरले होते.

सगळ्यात जास्त शिकवलं ते एका तेयझेने. तेयझे म्हणजे मावशी, कुठल्याही वयस्क बाईला तसंच म्हणतात. 'डोक्याच्या वर हात नेणे' या प्रश्नाला तिने १ दिला, काहीच अडचण नाही म्हणे. मग सहज बोलताना म्हणाली, "ईदेला पडदे मात्र सुनेने लावले." इथे ईदेआधी घर धुऊन काढतात, तलम पडदे धुतात आणि ओलसर असतानाच दांडीला अडकवतात. मान मागे, हात वर, पाय स्टुलावर. कानातले कॅल्शियमचे बारीक स्फटिक-कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत शिरलेले असतील, तर खोली फिरवायला यापेक्षा चांगली आसनव्यवस्था नाही. "मग १ का दिलात?" तर म्हणाली, "हात वर जातो की! हा बघ." पुढच्या बैठकीत मी हट्टाने कंसात 'उदा. पडदे लावणे' घालून घेतलं. आंघोळीच्या प्रश्नात बादली आणि 'तास' आले. तास म्हणजे आपला तांब्याच, जरा पसरट. सजद्याचा, म्हणजे नमाजात कपाळ जमिनीला टेकण्याचा, वेगळा प्रश्न घालावा असाही एक आग्रह होता. पण २८ चे २९ केले की दुसऱ्या देशांतल्या आकड्यांशी तुलनाच तुटते. तो खाली वाकण्याच्या प्रश्नात उदाहरण म्हणून बसला.

शारीरिक जवळिकीचा प्रश्न टाळता येत नव्हता. मी मान खाली घालून वाचला. तेयझे खळखळून हसली, "पोरी, तुझ्या काकांना जाऊन दहा वर्षं झाली." 'लागू नाही' हा रकाना किती कामाचा असतो ते त्या दिवशी कळलं.

हीच तेयझे आजाराबद्दल म्हणायची, "क्रिस्ताल्लेरिम ओयनामिश". शेवटचा तो 'मिश' तुर्कीतला मोठा गमतीचा प्रत्यय, स्वतः न पाहिलेल्या, कुणाकडून कळलेल्या गोष्टीला लागणारा. वर्गात तो शिकवताना शिक्षिका दमली होती. मला एका शब्दात समजला असता: माझे स्फटिक हललेत *म्हणे*.

शेवटी विश्वासार्हतेची चाचणी, त्यांच्या भाषेत 'तेस्त-तेकरार तेस्त'. त्याच माणसाकडून आठवड्याने तीच प्रश्नावली पुन्हा भरून घ्यायची आणि उत्तरं जुळतात का बघायचं. यासाठी मधल्या काळात आजार आहे तसाच राहायला हवा. आणि मी नेमके कानातले कण सरकलेले पेशंट घेऊन बसले होते, ज्यांना डॉक्टर पहिल्याच भेटीत डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते कण जागेवर आणणारी एप्लीची क्रिया करत होते. माझीच चूक, वेळापत्रक मीच आखलं होतं. आठवड्याने एक निवृत्त पोस्टमन काका टुणटुणीत होऊन आले आणि सगळीकडे १ भरून मोकळे झाले. मला रडू यायचं बाकी होतं. हे फॉर्म आता बाद करावे लागतील, जुन्या आजाराचे पेशंट नव्याने शोधावे लागतील, असं मी माझ्या तुर्कीत कसंबसं सांगितलं.

काकांनी पेन पुन्हा हातात घेतलं. "मग मागच्याच आठवड्याची उत्तरं लिहू का, पोरी?"