फडातलं पिल्लू घरी का न्यायचं नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ऊसतोड सुरू झाली की बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, निपाणीकडून हाच प्रश्न येतो. फडात रानमांजराची इवलीशी पिल्लं सापडलीत, आई कुठं दिसत नाही, घरी नेऊ का? मी नको म्हटलं की पुढचं ठरलेलं: "तुम्हाला तर पिल्लांचं एवढं वेड, आणि तुम्हीच नको म्हणता?"

वेड आहेच. गोठ्यात रेडकू झालं की माझा पाय तिथून निघत नाही. करडू उगाचच चारी पायांवर उडी मारतं, ते बघायला मी हातातलं काम टाकते.

असं का होतं, हे कोनराड लॉरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानं १९४३ मध्ये मांडलं. अंगाच्या मानानं मोठं डोकं, पुढे आलेलं कपाळ, मोठे डोळे, फुगीर गाल, आखूड हातपाय. तान्ह्या बाळाची ही ठेवण दिसली की माणसाला जपावंसं वाटतं. आपलं मूल कितीतरी वर्षं परस्वाधीन असतं. ही ओढ नसती तर ते जगलंच नसतं. तीच ओढ मग करडावर, खारीच्या पिल्लावरही जाते.

पण ही ओढ चेहरा बघते, जनावर बघत नाही. सह्याद्रीतल्या लोरिसचे, म्हणजे माकडाच्या दूरच्या नात्यातल्या एका छोट्या प्राण्याचे, डोळे मोठे असतात ते रात्रीच्या अंधारात किडे टिपायला. पूर्ण वाढलेला असला तरी आपण त्याला बाळच समजतो. उलट आपल्या खानापूर तालुक्यातल्या तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांतलं वटवाघूळ घ्या. १९१३ साली शास्त्राला त्याची ओळख झाली ती इथूनच, आणि पुढे कित्येक दशकं ते जगात दुसरीकडे कुठं सापडलं नव्हतं. मोठाले कान तोंडावर झुकलेले, म्हणून त्याला गोंडस कुणी म्हणत नाही. या गुहा ज्या जंगलात आहेत ते भीमगड २०११ मध्ये अभयारण्य झालं, तरी खानापुरातल्याच कितीतरी जणांना हे वटवाघूळ ठाऊक नाही. हे मला फार लागतं.

आता फडातलं पिल्लू. करडाला आपली गरज असते, याला नसते. त्याची आई माणसांच्या आवाजानं बाजूच्या सरीत दबून बसलेली असते. अंधार पडला, माणसं पांगली की येते आणि मानेला धरून एकेकाला हलवते. घरी नेलंत तर गाईचं दूध त्याला सोसत नाही, जुलाब लागतात. शिवाय रानमांजर पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे.

म्हणून टोळीच्या मुकादमाला सांगा, तेवढा पट्टा उभा ठेवा. पिल्लाला हात लावू नका, कुत्री बांधा, फोटोसाठी गर्दी होऊ देऊ नका. अंगावर ठिपके दिसले तर बिबट्याचं असू शकतं. मग सगळ्यांनी तिथून निघायचं आणि वनखात्याला फोन करायचा. सकाळी लांबूनच बघा. पिल्लं तिथंच असतील तर तेव्हाही वनखात्यालाच कळवा. गेली असतील तर तोड पुढे चालू करा.