पायताणाचा बंद

रविवारी सकाळी देवळाला निघाले आणि दसरा चौकाच्या अलीकडेच चपलेचा अंगठा तुटला. (चर्चला आम्ही घरात देऊळच म्हणतो. आजीचा शब्द, अजून जिभेवर आहे.) उपासना सुरू व्हायला दहा मिनिटं, म्हणजे रिक्षा केली असती तर पोचले असते. पण एक पाय फरफटत पाळकसाहेबांसमोरून जायची कल्पना सोसेना. कोपऱ्यावर छत्री लावून बसणाऱ्या मामांकडे वळले.

"मामा, जरा लवकर."

त्यांनी चप्पल हातात घेतली, उलटी केली, अंगठ्याची जागा बोटानं चाचपली आणि शेजारच्या वाटीतल्या पाण्यात ती वादी बुडवून स्वस्थ बसले.

"काय झालं?"

"भिजूदे की. वाळल्यालं कातडं हाय, आत्ता आरी घातली तर फाटंल. बसा वाईच."

बसले. दुसरं करणार काय?

बसल्याबसल्या मनात विल्यम केरी आला. तिकडे इंग्लंडात जोडे शिवायला शिकलेला हा माणूस पुढे मिशनरी म्हणून बंगालात आला आणि १८०५ साली त्यानं चक्क मराठीचं व्याकरण छापलं. एका मेजवानीत कुणीतरी खवचटपणे त्याचा जुना धंदा काढला, तर तो म्हणाला म्हणे, जोडे करणारा नव्हतो हो, नुसते दुरुस्त करायचो. आमच्या आजीला ही गोष्ट फार आवडायची. आम्ही मराठीत नापास होऊ लागलो की ती आवर्जून सांगायची, आणि आमच्या मार्कांवर त्याचा काही परिणाम व्हायचा नाही.

आणि खरं सांगायचं तर पवित्र शास्त्रात पायताणं जागोजाग पडलेली आहेत. जळत्या झुडपापाशी देव मोशेला आधी ती काढायला सांगतो. उधळ्या मुलगा परत येतो तेव्हा बाप अंगठी आणि झग्याबरोबर त्याच्या पायात जोडा घालायला सांगतो. येशू शिष्यांना प्रवासाला धाडतो तेव्हा मार्कच्या शुभवर्तमानात तो म्हणतो वहाणा घाला, मत्तयच्या शुभवर्तमानात म्हणतो नेऊ नका. यावर विद्वानांनी काय लिहायचं ते लिहिलं असेल, मला कोल्हापूरकर म्हणून मार्क बरा वाटतो. इस्राएल लोक अरण्यात चाळीस वर्षं हिंडले, तरी त्यांची पायताणं झिजली नाहीत, असंही लिहिलेलं आहे.

हे शेवटचं मी मामांना सांगितलं. वेळ जायला म्हणून.

त्यांनी मान वर न करता विचार केला. "चाळीस वर्सं?"

"हो."

"मग चाललीच न्हाईत जणू नीट."

मला हसू आलं आणि मग थोडं गप्प व्हावं लागलं. कारण मामा बरोबर होते. चाळीस वर्षं ती माणसं बहुतेक कुरकुर करत फिरत राहिली. हे इतक्या थोडक्यात मी कुठल्या प्रवचनात ऐकलेलं नाही.

वादी मऊ झाली. मामांनी चप्पल पाण्यातून काढली. मी रात्री पावसात घालून हिंडले होते, तळाला चिखल होता. त्यांनी आपल्याच खांद्यावरच्या फडक्यानं तो पुसला, ती मांडीवर घेतली आणि पार वाकून, नाक जवळजवळ चामड्याला टेकवून, आरीनं भोक पाडू लागले. मध्येच एक ओळखीचा माणूस हाक मारून गेला, त्याच्याकडेही त्यांनी पाहिलं नाही.

बाप्तिस्मा करणारा योहान येशूबद्दल म्हणतो, माझ्यामागून येणाऱ्याच्या पायताणाचा बंद लवून सोडायचीही माझी लायकी नाही. शब्बाथशाळेत, म्हणजे देवळातल्या मुलांच्या रविवारच्या वर्गात, हे वचन मी घडाघडा म्हणून बक्षीस मिळवलेलं. 'लवून' या शब्दावरून मात्र नेहमी भरधाव गेले. बंद सोडायचा तर कंबर मोडावी लागते, समोरच्याचा चिखल तोंडापाशी येतो, आणि त्या वेळात आपल्याला दुसरं काही दिसत नाही, एवढं साधं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

एका वर्षी पवित्र गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, आमच्याकडे पाय धुण्याचा विधी झाला होता; येशूनं शिष्यांचे पाय धुतले त्याची ती आठवण. ज्यांचे पाय धुवायचे ठरलेले त्या सगळ्यांनी घरून टाचा दगडानं घासून, साबण लावून पाय आणले होते. मीही त्यात होते. पाळकसाहेबांना धुवायला आम्ही काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. मामांपुढे ती सवड मिळाली नाही.

"किती झाले?"

"वीस द्या."

पन्नासाची नोट पुढे केली आणि ऱ्हाऊद्या म्हटलं. त्यांनी डबा उघडून तीस रुपये मोजून माझ्या हातावर ठेवले. "ईस म्हंजे ईसच. घाला बगू. चालून दावा."

चार पावलं चालून दाखवली. ते माझ्या पायाकडे बघत होते, तोंडाकडे नाही.

"ओलं हाय अजून. जपून जावा."

देवळात पोचले तेव्हा सगळे मान खाली घालून मूक प्रार्थनेला बसलेले. शेवटच्या बाकापर्यंत जायचं होतं. ओली चप्पल प्रत्येक पावलाला करकरत होती, आणि एकेक मान वर होत होती.