मेमरी शिल्लक असतानाही स्विच पॅकेट का फेकतो?

देखरेखीच्या आलेखावर पाच-पाच मिनिटांची सरासरी दिसते आणि त्या सरासरीत सर्व्हरांना जोडणाऱ्या स्विचच्या, सेकंदाला १० गिगाबिट वेगाच्या एखाद्या पोर्टचा (केबल जोडण्याच्या जागेचा) वापर १५ टक्क्यांच्या वर जात नाही. तरीही त्याच पोर्टचा ‘आउटपुट डिस्कार्ड’ काउंटर, म्हणजे बाहेर न पाठवता फेकलेल्या पॅकेटांचा (माहितीच्या छोट्या तुकड्यांचा) आकडा, दिवसभर वाढत राहतो. नेटवर्कचे काम करणाऱ्या बहुतेकांनी हे पाहिलेले असते आणि त्यावरची दोन उत्तरेही ठरलेली असतात : केबल खराब आहे किंवा स्विचचा बफर, म्हणजे पॅकेटे थोडा वेळ थांबवून ठेवण्याची मेमरी, लहान आहे. पहिले उत्तर चटकन बाद करता येते, कारण खराब केबलचा दोष सीआरसी त्रुटींच्या (पॅकेट वाटेत बिघडल्याचे दाखवणाऱ्या त्रुटींच्या) रूपाने, पॅकेट आत येण्याच्या बाजूला मोजला जातो. दुसरे उत्तर मात्र अर्धेच खरे आहे. बफर लहान असतो हे खरे. पण तो पूर्ण भरण्याच्या कितीतरी आधी स्विच पॅकेट फेकायला सुरुवात करतो, आणि माझ्या मते बहुतेक वेळा ते योग्यच असते.

आजच्या डेटा सेंटरमधल्या सामान्य स्विचमध्ये प्रत्येक पोर्टला स्वतःची वेगळी मेमरी नसते. सगळी मेमरी मुख्य चिपच्या आतच असते आणि ती सर्व पोर्टांत सामायिक असते. ब्रॉडकॉमच्या ट्रायडंट-२ या एके काळी सर्वत्र दिसणाऱ्या चिपमध्ये ती १२ मेगाबाइट होती. ४८ पोर्टांत ती सारखी वाटली, तर प्रत्येकाच्या वाट्याला अडीचशे किलोबाइट येतात, म्हणजे १० गिगाबिट वेगाने जेमतेम ०.२ मिलिसेकंदाचा माल. शिवाय ही मेमरी २०८ बाइटच्या कप्प्यांत विभागलेली असते. १५०० बाइटच्या पॅकेटला आठ कप्पे लागतात. ६४ बाइटचे चिमुकले पॅकेटही एक पूर्ण कप्पा अडवते आणि त्याची दोन-तृतीयांशांहून अधिक जागा वाया घालवते. त्यामुळे लहान पॅकेटांचा भडिमार झाला, की कागदावरचे १२ मेगाबाइट प्रत्यक्षात बरेच कमी भरतात.

सारखी वाटणी करण्यात अर्थ नाही, कारण एका वेळी तुंबलेली पोर्टे सहसा मोजकीच असतात आणि बाकीच्यांचा वाटा पडून राहतो. उलट, ज्याला जेवढी हवी तेवढी मेमरी घेऊ दिली, तर एकच तुंबलेले पोर्ट सगळी गिळून बसते आणि ज्यांचा या गर्दीशी काही संबंध नाही अशा पोर्टांचीही पॅकेटे पडू लागतात. या दोन टोकांच्या मधला मार्ग चौधरी आणि हाने यांनी १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात मांडला, आणि आजही बहुतेक स्विच त्याच्याच एखाद्या रूपावर चालतात. पोर्टावर थांबलेल्या पॅकेटांच्या कोणत्याही रांगेची कमाल लांबी ही त्या क्षणी मोकळ्या असलेल्या मेमरीच्या अल्फापट (अल्फा म्हणजे आधी ठरवून दिलेला गुणक) असावी, एवढाच तो नियम आहे.

अल्फा १ असेल आणि एकच रांग तुंबली असेल, तर ती निम्म्या मेमरीवर थांबते, कारण तेथे तिची लांबी आणि उरलेली जागा सारखी होते. दोन रांगा तुंबल्या तर प्रत्येकीला एक-तृतीयांश मिळते, तीन तुंबल्या तर एक-चतुर्थांश, आणि दर वेळी तेवढीच जागा मोकळी राहते. पहिल्या पंगतीला हात राखून वाढावे, तसा हा प्रकार आहे : मागून येणाऱ्याला काहीतरी मिळालेच पाहिजे. यातला एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. नवी रांग भरू लागली, की मोकळी जागा घटते आणि सर्वांचीच मर्यादा खाली येते. जुनी रांग आता मर्यादेच्या वर असते; तिच्यात आधी शिरलेल्या पॅकेटांना कोणी हात लावत नाही, पण ती उपसून खाली येईपर्यंत तिच्याकडे येणारे प्रत्येक नवे पॅकेट दारातूनच फेकले जाते. पोर्ट पूर्ण वेगाने माल बाहेर पाठवत असते आणि त्याच वेळी त्याचा डिस्कार्ड काउंटर सरसर वाढत असतो, तो यामुळे.

आता त्या १५ टक्क्यांकडे वळू. एका सर्व्हरने वीस सर्व्हरांकडे एकाच वेळी माहिती मागितली आणि विसांनीही १० गिगाबिटच्या वेगाने एकदम उत्तर दिले, असे समजा. ज्या पोर्टातून सेकंदाला १० गिगाबिट बाहेर जाऊ शकतात, त्याच्यासाठी २०० गिगाबिट आत येत आहेत. वरचे १९० गिगाबिट म्हणजे सेकंदाला सुमारे पावणेचोवीस गिगाबाइट. १२ मेगाबाइटपैकी निम्म्यावर, म्हणजे ६ मेगाबाइटवर रांग पोहोचायला पाव मिलिसेकंद पुरतो. पाच मिनिटांच्या सरासरीत हा पाव मिलिसेकंद कोठेही दिसणार नाही. तो दिसतो फक्त डिस्कार्डच्या आकड्यात.

एखादे पॅकेट पडल्याने टीसीपीचे, म्हणजे हरवलेली पॅकेटे पुन्हा पाठवून माहिती पोहोचवणाऱ्या नियमावलीचे, फार बिघडत नाही. त्याच्या मागची पॅकेटे पोहोचली, तर तीन दुहेरी पोचपावत्या येतात आणि गेलेले पॅकेट लगेच पुन्हा पाठवले जाते. पण शेपटीची किंवा संपूर्ण खिडकीचीच (पोचपावतीची वाट न पाहता एका दमात पाठवलेली सगळी) पॅकेटे गेली, तर पाठवणाऱ्याला टायमर संपण्याची वाट पाहावी लागू शकते, आणि लिनक्समध्ये ही मुदत मुळातच किमान २०० मिलिसेकंदांची आहे. जेथे पॅकेट जाऊन पोचपावती परत येण्याची फेरी काही मायक्रोसेकंदांत पूर्ण होते, तेथे हा काळ फारच मोठा. वापरकर्त्याची तक्रार येते ती या थांबण्याची, पॅकेटची नव्हे.

मग बफर मोठा का घेऊ नये? गिगाबाइटांनी मोजावी एवढी बाह्य मेमरी असलेले स्विच मिळतात, आणि दूरच्या दुव्यांवर त्यांना काम आहे. परंतु भरलेली रांग म्हणजे विलंबच : ६ मेगाबाइट उपसायला १० गिगाबिटच्या पोर्टाला ४.८ मिलिसेकंद लागतात, १ गिगाबिटच्या पोर्टाला ४८. जिम गेटिस यांनी २०१०च्या सुमारास घरगुती राउटरांमधल्या ज्या ‘बफरब्लोट’कडे लक्ष वेधले, तो याच दोषाचा अतिरेक होता, पॅकेट पडत नव्हते, म्हणून पाठवणाऱ्याला वेग कमी करण्याची सूचनाही मिळत नव्हती.

डीसीटीसीपीच्या (डेटा सेंटरसाठी बदललेल्या टीसीपीच्या) २०१०च्या निबंधाने याची दुसरी बाजू पकडली. रांग थोडी वाढताच, म्हणजे १० गिगाबिटच्या पोर्टावर ६५ पॅकेटांच्या आसपास, स्विच पॅकेटवर ईसीएनची (गर्दी होत असल्याची) खूण करतो आणि पाठवणारा त्या खुणांच्या प्रमाणात वेग कमी करतो. ६५ पॅकेटे म्हणजे शंभर किलोबाइटही नाहीत. फेकण्याची वेळ येण्याआधीच पाठवणाऱ्याला कळते आणि उरलेली मेमरी अचानक येणाऱ्या लाटेसाठी मोकळी राहते. अर्थात, वर सांगितलेल्या वीस सर्व्हरांच्या लाटेत पहिल्या फेरीची खूण परत जाण्याआधीच रांग भरली, तर ईसीएनचाही इलाज चालत नाही. तेथे विनंत्याच थोड्या थोड्या अंतराने पाठवाव्या लागतात.

म्हणून मी आधी सरासरीचा आलेख पाहत नाही. चिप बफरच्या सर्वोच्च पातळीची नोंद ठेवत असेल, तर ती कोणत्या रांगेत कोठवर चढली, हे पाहतो. एकाच रांगेची पातळी मोकळ्या मेमरीच्या मर्यादेला टेकून थांबलेली असेल, तर तिचा अल्फा २ किंवा ४ करून पाहता येतो. ४ केल्यास एकटी रांग चार-पंचमांश मेमरी घेऊ शकते. रात्रीच्या बॅकअपची रांग असेल, तर उलट तिचाच अल्फा कमी करणे बरे. बॅकअप दहा मिनिटे उशिरा संपला, तर सहसा कोणाचा फोन येत नाही.