चार तासांचा उशीर आणि सात दिवसांची वाट

निफाड तालुक्यातील एका द्राक्ष पॅकहाऊसमध्ये गेली अकरा वर्षे मी माल रवाना करण्याचे काम पाहतो. जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत आमच्या दारातून कंटेनर निघतात आणि त्यांतील बहुतेक न्हावा शेवा बंदरातून युरोपकडे, त्यातही प्रामुख्याने नेदरलँड्सच्या रॉटरडॅमकडे जातात. द्राक्षांच्या निर्यातीची चर्चा भाव, औषधांचे अवशेष आणि सरकारी धोरण यांच्याभोवती फिरते, आणि ते योग्यही आहे. मला मात्र हंगामात रात्री झोप लागत नाही ती आमच्या फाटकापासून बंदराच्या फाटकापर्यंतच्या दोनशेहून थोड्या अधिक किलोमीटरांमुळे.

काही वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीतील एक रात्र मला तपशिलासह आठवते. कंटेनर संध्याकाळी सातला भरून झाला, सील लागले, बंदरात प्रवेशासाठी लागणारा फॉर्म तेरा आणि वजनाचे प्रमाणपत्र तयार होते, आणि गाडी साडेआठला निघाली. बंदरात दाखल होण्याची मुदत दुसऱ्या दिवशी सकाळी दहाची होती, म्हणजे हाताशी तेरा तासांहून अधिक वेळ होता. पहाटे भिवंडीच्या अलीकडे एक ट्रेलर उलटला आणि मागे काही किलोमीटरची रांग लागली. रांग हलेपर्यंत अवजड वाहनांना शहरातून जाण्यास बंदी असलेली सकाळची वेळ सुरू झाली होती. आमची गाडी दुपारी दोनला बंदराच्या फाटकाशी पोहोचली. मुदत चार तासांनी चुकली होती आणि त्या मार्गावरचे पुढचे जहाज बरोबर सात दिवसांनी होते.

कंटेनर जहाजांची सेवा बहुधा आठवड्याची असते. ठरलेल्या वाराला जहाज धक्क्याला लागते, ठरलेल्या वेळी सुटते, आणि त्याआधी काही तास दरवाजा बंद होतो. त्यामुळे रस्त्यावरचा उशीर समुद्रावर त्याच प्रमाणात उतरत नाही. चार तास चुकले की आठवडा जातो. दरम्यान कंटेनर विजेला जोडून ठेवावा लागतो, त्याचे भाडे चढत राहते, आणि तिकडे सुपरमार्केटशी ठरलेला आठवडा हातचा जातो. त्या खेपेचा माल शेवटी खुल्या बाजारात विकावा लागला. ज्या शेतकऱ्याचा तो होता, त्याला हिशोबपट्टी देताना माझ्याकडे सांगण्यासारखे काहीच नव्हते.

द्राक्ष हे फळ तोडल्यानंतर पिकत नाही, फक्त उतरत जाते. सकाळी तोडलेला माल काही तासांच्या आत प्रीकूलिंगला जावा लागतो. तेथे घडांतील उष्णता काढली जाते आणि मग शून्य ते एक अंश सेल्सिअसला साठवण होते. रीफर, म्हणजे शीत कंटेनर माल थंड करत नाही, थंड माल थंड ठेवतो, हे बाहेरच्या माणसाला बहुधा ठाऊक नसते. रस्त्यावर त्याला ट्रेलरला जोडलेल्या जनरेटरवर जगावे लागते. गाडी सहा तास रांगेत उभी राहिली, डिझेल संपत आले आणि चालकाच्या लक्षात आले नाही, तर आतले तापमान चढते, घडांवर दव धरते, आणि ती खोट रॉटरडॅमला पेटी उघडल्यावरच दिसते. तोपर्यंत कोणत्या किलोमीटरवर काय झाले, हे सिद्ध करणे जवळजवळ अशक्य असते.

२०२१ च्या मार्चमध्ये एव्हर गिव्हन हे जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस अडकले, तेव्हा साऱ्या जगाने नकाशे उघडून पाहिले. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि आमच्या मालाचा प्रवास दहा ते पंधरा दिवसांनी लांबला. त्यावर निफाडमध्ये बसून कोणाचाही इलाज नव्हता. परंतु समुद्रावरचे दिवस असे वाढतात, तेव्हा फळाच्या आयुष्यातून जमिनीवर वाया घालवण्यासाठी एकही दिवस उरत नाही. सुएझ आपल्या हाती नाही. बंदराच्या वाटेवरची पडघा, मानकोली, मुंब्रा आणि कळंबोली ही ठिकाणे आपल्या हाती आहेत.

त्या रात्रीनंतर मी एक वही ठेवायला सुरुवात केली. प्रत्येक गाडी कसारा घाट कधी उतरली, पडघ्याला कधी होती, मुंब्रा बाह्यवळण कधी पार केले, कळंबोली कधी ओलांडली आणि बंदरात कधी शिरली, हे चालकांकडून फोनवर विचारून लिहितो. या वहीने माझा एक समज मोडला. मला वाटत होते की वेळ घाटात जातो. घाटात वेळ जातो खरा, पण तो जवळजवळ रोज सारखाच जातो, म्हणून त्याचा अंदाज बांधता येतो. पडघा ते कळंबोली या तुलनेने सपाट आणि छोट्या टप्प्याला कधी दोन तास लागतात, तर कधी आठ. निर्यातीला मारक ठरते ती ही अनिश्चितता. रोज पाच तासच लागतात असे ठरले असते, तर आम्ही त्याप्रमाणे तोडणी लावली असती. अनिश्चिततेमुळे आम्ही जवळजवळ एक दिवस आधी गाडी सोडतो, त्यासाठी माल एक दिवस आधी तोडतो, आणि तो एक दिवस घडातल्या गोडीतून व टिकाऊपणातून वजा होतो. हा खर्च कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

गेल्या काही वर्षांत मोठी कामे झाली, हे मी मनापासून मान्य करतो. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा भाग ५ जून २०२५ रोजी. त्यामुळे ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. इगतपुरीजवळच्या सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्याने कसारा घाटाला खरा पर्याय दिला. परंतु हा रस्ता भिवंडीजवळच्या आमण्याला संपतो, आणि तेथून पुढे तीच जुनी कोंडी आहे, जिच्यात गोदामांची वाहतूक, शहराची वाहतूक आणि बंदराची वाहतूक एकाच अरुंद गळ्यातून जाऊ पाहते. नागपूरहून आमण्यापर्यंत वाचवलेला वेळ तेथे काही तासांत परत करावा लागतो. वडोदऱ्याहून येणारा द्रुतगती मार्ग बदलापूरवरून माथेरानच्या डोंगराखालच्या बोगद्याने पनवेलकडे आणि पुढे बंदराकडे नेला जात आहे. आमच्यासारख्यांच्या दृष्टीने समृद्धीइतकाच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्वाचा हा जोड आहे, कारण तो शहराला बाजूला ठेवून थेट बंदराकडे जातो. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू न्हावा शेव्याजवळ उतरतो, म्हणून अनेक जण मला त्याबद्दल विचारतात. नाशिककडून येणाऱ्या कंटेनरचा तो मार्गच नाही.

रेल्वेची गोष्ट वेगळी आहे. थळ घाटातून, म्हणजे कसारा घाटातून, लोहमार्ग इगतपुरीला पोहोचला तो १८६५ मध्ये. तेव्हाच्या अभियंत्यांनी तेथे साधलेला ३७ मीटरला एक मीटर हा चढ आजही तसाच आहे, आणि कसाऱ्याहून वर जाणाऱ्या गाड्यांना आजही मागून जादा इंजिने जोडावी लागतात. घाट उतरला की मालगाडी मुंबईच्या उपनगरी वाहतुकीच्या तोंडाशी येते, आणि तेथे लोकलला अग्रक्रम मिळणे साहजिक आहे. न्हावा शेवा ते दादरी हा सुमारे १,५०० किलोमीटरचा पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्ग गुजरातमधून जातो, म्हणजे नाशिकला त्याचा थेट उपयोग नाही. तरीही उत्तरेचा माल जितका रुळांवर जाईल तितकी बंदराजवळच्या रस्त्यांवर आमच्यासाठी जागा होईल, म्हणून त्याची वाट मीही पाहत आलो.

बंदराविषयी मला तक्रार करावीशी वाटत नाही. २६ मे १९८९ रोजी सुरू झालेल्या या बंदरात २०१६ पासून कंटेनरवर नजर ठेवणारे रेडिओ टॅग आले, २०१७ पासून पॅकहाऊसमध्येच इलेक्ट्रॉनिक सील लावण्याची सोय झाली, आणि भरलेला कंटेनर मधल्या गोदामात न उतरवता सरळ धक्क्यावर नेण्याची वाट मोकळी झाली. कागद आता गाडीच्या आधी पोहोचतो. मागे राहते ती गाडी.

गव्हाण फाट्यावरून बंदराकडे जाणारा रस्ता जासई आणि दास्तान फाट्यावरून जातो. १९८४ च्या जानेवारीत सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली येथे आंदोलन झाले, गोळीबारात पाच जण मरण पावले, आणि त्यातूनच विकसित जमिनीचा साडेबारा टक्के वाटा परत मिळण्याची वाट तयार झाली. द्राक्षाच्या प्रत्येक पेटीचा शेवटचा टप्पा या जमिनीवरून जातो, हे आम्ही देशावरच्या लोकांनी लक्षात ठेवले पाहिजे असे मला वाटते. पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराचा विचार करताना तर ते विशेष आठवते. डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ मध्ये नाकारलेला हा प्रकल्प २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने मान्य केला, जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. किनाऱ्यालगतच सुमारे २० मीटर नैसर्गिक खोली असल्याने तेथे सर्वांत मोठी कंटेनर जहाजे थेट लागू शकतील. बंदराला समृद्धीवरील भरवीरशी जोडणाऱ्या सुमारे १०५ किलोमीटरच्या रस्त्यालाही राज्य सरकारने २०२५ मध्ये मंजुरी दिली आहे. तो झाला तर आमचा माल ठाणे-भिवंडीला वळसा घालून घाटाखाली उतरेल. माझा स्वार्थ त्यात उघड आहे, आणि म्हणूनच सांगतो: तेथील मच्छीमारांची उपजीविका आणि आदिवासींची जमीन यांचा हिशोब काम सुरू होताना चुकता झाला पाहिजे, चाळीस वर्षांनी नव्हे.

पण वाढवण होईपर्यंत अनेक हंगाम जातील. तोपर्यंत काही कामे अशी आहेत की ज्यांना हजारो कोटी लागत नाहीत. पडघा आणि कळंबोली यांच्या आसपास रीफर गाड्यांसाठी विजेची जोडणी असलेले वाहनतळ हवेत, म्हणजे बंदीच्या वेळेत चालक रस्त्याच्या कडेला जनरेटर पेटवून रात्र काढणार नाही आणि त्याला अंघोळ, जेवण, झोप मिळेल. जानेवारी ते एप्रिल या काळात नाशवंत मालाच्या सीलबंद कंटेनरना शहराच्या बंदीतून ठरावीक वेळेची सवलत द्यावी. सील आणि टॅग असल्यामुळे ओळख पटवणे अवघड नाही. निफाड सहकारी साखर कारखान्याच्या जागेवरील ड्रायपोर्टची, म्हणजे समुद्रापासून दूरच्या कंटेनर तळाची, चर्चा वर्षानुवर्षे चालली आहे, ती रुळापर्यंत पोहोचावी. आणि सर्वांत आधी बागेपासून पॅकहाऊसपर्यंतचे शिवाररस्ते. द्राक्षाचा हंगाम आणि उसाची तोडणी एकाच वेळी येतात. ट्रॉल्यांनी उखडलेल्या पाटालगतच्या त्या रस्त्यांवरून पिकअपमधील क्रेट हिंदकळत येतात, घडाचे मणी सुटतात, आणि परदेशी जाण्याजोगा माल आमच्या फाटकाशी पोहोचण्याआधीच स्थानिक बाजाराचा होतो. पहिले चार किलोमीटर असे असताना पुढच्या सातशे किलोमीटरांच्या रस्त्याचा त्या शेतकऱ्याला फारसा उपयोग नसतो.

यंदाच्या हंगामासाठी वहीत मी एक रकाना वाढवला आहे. बागेतून क्रेट कधी निघाले आणि पॅकहाऊसला कधी पोहोचले, हेही आता लिहिणार आहे, आणि एप्रिलअखेर ती वही घेऊन तालुक्याच्या बांधकाम कार्यालयात जाणार आहे.